वेबसाइटचं नवं रूप, सर्चमधली जुनी जागा : पार्श्वभूमी

मुंबईतल्या एखाद्या प्रकाशन संस्थेची किंवा वर्षानुवर्षं लेख साठवलेल्या नियतकालिकाची साइट नव्या रूपात लाइव्ह होते आणि काही आठवड्यांत गूगलवरून येणारे वाचक ओसरू लागतात. मग रंग, मांडणी, मेन्यू यांवर खापर फुटतं. पण सर्च इंजिन क्रमांक देतं ते साइटच्या रूपाला नाही, एकेका यूआरएलला, म्हणजे पानाच्या पत्त्याला. त्या पत्त्याकडे येणाऱ्या लिंका, त्यावरचा मजकूर आणि त्याची ओळख हे सगळं त्या पत्त्याच्या नावावर जमा असतं. तो पत्ता नाहीसा झाला आणि त्याची जमा कुणाच्या खात्यात टाकायची हे सांगितलं नाही, तर ती जाते.

जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्याकडे पाठवण्याची सोय, म्हणजे रीडायरेक्ट, वेबच्या नियमांत गूगलच्याही आधीपासून आहे. मे १९९६ मध्ये वेबपानं मागवण्या-पाठवण्याच्या नियमावलीचा, म्हणजे एचटीटीपी १.० चा, दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्यात ३०१ म्हणजे पान कायमचं हलवलं आणि ३०२ म्हणजे तात्पुरतं हलवलं, हे दोन्ही संकेत होते. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये चांगले पत्ते बदलू नयेत असं कळकळीने लिहिलं. त्याच वर्षी लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांचा गूगलविषयीचा शोधनिबंध आला आणि लिंका हा क्रमवारीचा पाया ठरला. तोपर्यंत तुटलेली लिंक ही वाचकाची गैरसोय होती, त्यानंतर ते साइटचंही नुकसान झालं.

मराठी साइटांचा इतिहास इथे थोडा वेगळा आहे आणि आजच्या बऱ्याच अडचणी त्यातूनच आल्या आहेत. व्हीएसएनएल या सरकारी दूरसंचार कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्यात मुंबई पहिल्या शहरांपैकी होती. पुढची काही वर्षं मराठी मजकूर खास फॉन्टांत जायचा. पडद्यावर देवनागरी दिसे, पण फाइलमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हं असत. सर्च इंजिनला तो मजकूर निरर्थक वाटे, त्यामुळे मराठी शब्द टाकून ती पानं सापडतच नसत. पत्तेही एएसपी (मायक्रोसॉफ्टचं जुनं वेबतंत्र) फाइल आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह व आयडी क्रमांक अशा घडणीचे. पुढे साइटा युनिकोडवर, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीवर, आल्या तेव्हा मजकुरासोबत प्रणाली आणि पत्तेही बदलले. शोधातून कुणी येतच नव्हतं, मग जुने पत्ते सांभाळायचे कशाला, असा विचार तेव्हा चुकीचा वाटला नाही. पण इतर साइटांनी, संदर्भसूच्यांनी आणि विकिपीडियाने दिलेल्या लिंका त्या जुन्या पत्त्यांवरच होत्या.

पत्त्यांची दुसरी पिढी देवनागरी स्लगची, म्हणजे पत्त्याच्या शेवटी शीर्षकावरून बनणाऱ्या भागाची. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि प्रत्येक बाइट टक्का-चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. ‘मुंबई’ या शब्दात म, उकार, अनुस्वार, ब, ई अशी पाच चिन्हं, म्हणून त्याला ४५ जागा लागतात. साइट चालवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीत स्लगला २०० अक्षरांची मर्यादा आहे आणि ती या सांकेतिक रूपाला लागते. त्यामुळे मात्रा आणि पाय मोडण्याची चिन्हं धरून जेमतेम २२ चिन्हांत मराठी शीर्षक कापलं जातं. नवी साइट बनवणारा डेव्हलपर शीर्षकावरून स्लग पुन्हा तयार करतो तेव्हा पूर्ण शीर्षकाचा स्लग बनतो आणि जुन्या कापलेल्या पत्त्याशी तो जुळत नाही. म्हणून जुने पत्ते शीर्षकावरून बांधू नयेत, डेटाबेसमधल्या ‘पोस्ट नेम’ रकान्यातून जसेच्या तसे काढावेत. वर्डप्रेस स्लग बदलल्यावर जुना स्लग स्वतःच नोंदवून ठेवतं आणि वाचकाला नव्याकडे पाठवतं. दुसऱ्या प्रणालीवर जाताना ही नोंदही उतरवून घ्यावी लागते, नाहीतर आपोआप चालणारी ती सोय गुपचूप बंद पडते.

अपाची या सर्व्हरवर (साइटची पानं पुरवणाऱ्या प्रोग्रॅमवर) आणखी एक अडचण येते. एक्सेलमधून टक्का-चिन्हांचा पत्ता उचलून रीराइट नियमात (पत्ता वळवणाऱ्या नियमात) चिकटवला, तर नियम लागतच नाही, कारण अपाची आधी पत्ता उलगडून मूळ अक्षरांत आणतं आणि मग नियमाशी ताडून पाहतं. नियमात सरळ देवनागरी लिहावं आणि फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्या रूपात सेव्ह करावी. जुन्या एएसपी पत्त्यांमधला प्रश्नचिन्हापुढचा भाग रीराइट नियमाच्या नमुन्याला दिसतच नाही, त्यासाठी क्वेरी स्ट्रिंगची, म्हणजे याच भागाची, वेगळी अट लिहावी लागते. ‘दुसऱ्या’ यासारख्या शब्दांकडेही लक्ष हवं. त्यातला ऱ्य काही कीबोर्ड ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने उमटवतात, काही साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, सर्व्हरला मात्र ते दोन वेगळे पत्ते आहेत.

रीडायरेक्टविषयीची भीतीही जुनी आहे. ३०१ मधून लिंकेचं थोडं वजन गळतं, असं बरीच वर्षं मानलं जाई. ३०-मालिकेतल्या रीडायरेक्टमुळे पेजरँक (लिंकांवरून ठरणारं पानाचं वजन) गळत नाही, असं २०१६ मध्ये गूगलच्या गॅरी इल्येश यांनी सांगितल्यावर ती चर्चा निवळली. तोवर साखळ्यांची गुंतागुंत मात्र वाढली होती. ऑगस्ट २०१४ मध्ये गूगलने एचटीटीपीएस (एचटीटीपीचं सुरक्षित रूप) हा क्रमवारीतला एक निकष केला आणि साइटा घाईने तिकडे वळल्या. एएसपीचा पत्ता वर्डप्रेसच्या पत्त्याकडे, तो एचटीटीपीएसकडे, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या रूपाकडे, अशा उड्या पडू लागल्या. पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्रॅम, गूगलबॉट, दहा उड्यांपर्यंत मागे येतो, पण प्रत्येक उडी वाचकाचा वेळ खाते आणि मधली एक कडी तुटली की पुढचं सगळं जातं. नव्या डिझाइनच्या वेळी सर्व जुन्या पिढ्यांचे पत्ते थेट शेवटच्या पत्त्याकडे वळवावेत. हे कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्या खटाटोपात सर्वात जास्त फळ तेच देतं.

मोबाइलचा टप्पा थोडक्यात. गूगलने मोबाइल-फर्स्ट इंडेक्सिंग, म्हणजे पानाचं मोबाइलवरचं रूप प्रमाण धरून नोंद करणं, २०१६ मध्ये जाहीर केलं, २०१८ पासून लागू करायला घेतलं आणि २०२३ मध्ये ते पूर्ण झाल्याचं सांगितलं. आता मोबाइलवरची साइट सुटसुटीत व्हावी म्हणून कापलेला मजकूर गूगलच्या दृष्टीने साइटवरून काढलेलाच असतो.

पत्त्यांची यादी डिझाइन सुरू होण्यापूर्वी करावी. सर्च कन्सोल या गूगलच्या साधनातून १६ महिन्यांची आकडेवारी मिळते, पण निर्यातीत एका वेळी हजारच ओळी येतात. म्हणून सर्व्हरचे लॉग (भेटींच्या नोंदी), जुने साइटमॅप (पानांच्या याद्या) आणि बाहेरून आलेल्या लिंकांचा अहवालही जोडावा. मग प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर त्याच विषयाचं नवं पान लिहावं. तसं पान नसेल तर ४०४ (पान सापडलं नाही) किंवा ४१० (पान कायमचं काढलं) द्यावा. सगळे अनाथ पत्ते मुखपृष्ठाकडे वळवण्याची पद्धत फार प्रचलित आहे, पण गूगल त्याला सॉफ्ट ४०४, म्हणजे नसलेलंच पान, समजतं आणि जमा काहीच होत नाही.

नावबदलांच्या शहरात मजकुराचाही विचार हवा. एल्फिन्स्टन रोड स्थानक २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, पण जुनं नाव टाकून शोधणारे संपले नाहीत. पत्ता आणि शीर्षक नवं करताना पानाच्या मजकुरात जुनं नाव ठेवावं.

लाइव्ह करण्याच्या दिवशी आधी रोबोट्स फाइल (सर्च इंजिनांनी कुठे जाऊ नये हे सांगणारी) आणि नोइंडेक्स (पान सर्चमध्ये दाखवू नका ही सूचना) तपासावं. चाचणीच्या साइटवरची बंदी तशीच पुढे येणं ही सर्वत्र होणारी चूक आहे. वर्डप्रेसमध्ये ‘सर्च इंजिनांना परावृत्त करा’ या अर्थाची खूण सेटिंगमध्ये राहून गेली तर प्रत्येक पानावर नोइंडेक्स लागतं. जुने पत्ते रोबोट्स फाइलमध्ये अडवणंही घातक आहे, कारण मग गूगलबॉटला त्यांवरचा रीडायरेक्ट दिसतच नाही. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. छापील पुस्तकांत आणि जुन्या संदर्भांत पत्ते दिलेल्या साइटांनी ते काढूच नयेत. डोमेनच बदललं असेल तर जुन्याचं वार्षिक शुल्कही तितकीच वर्षं भरत राहावं लागतं.