शिलालेखाचा ठसा (कोकण)

दगडावरचा कोरीव लेख कागदावर उमटवून घेण्याची पद्धत. कोरलेली अक्षरे पांढरी राहतात, बाकीचा पृष्ठभाग काळा येतो. कोकणच्या शिलाहारकालीन (शिलाहार हे मध्ययुगीन राजघराणे) इतिहासाचा मोठा भाग ताम्रपट आणि असे ठसे यांवर उभा आहे. देवगड तालुक्यातील कुवळे येथे जन्मलेले प्राध्यापक वा. वि. मिराशी (१८९३–१९८५) यांचा शिलाहार लेखांचा खंड १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला.

दगडावरील शेवाळ, माती मऊ ब्रशने व पाण्याने काढतात. तारेचा ब्रश वर्ज्य. ओला कागद चिकटवून मधून कडांकडे ब्रशने ठोकतात, म्हणजे आतली हवा निघून कागद अक्षरांत बसतो. फाटेल तिथे ओल्या कागदाचे ठिगळ लावतात. कागद दमट असतानाच कापडी गादीने शाईचे हलके दोन-तीन थर देतात. कागद फार ओला असेल तर शाई अक्षरांत उतरते; फार वाळला तर दगडापासून सुटतो. पावसाळ्यात कागद वाळतच नाही. जांभ्यावर छिद्रेही अक्षरांसारखीच उमटतात. शेंदूर, चुना किंवा तैलरंगाने भरलेल्या लेखाचा ठसा भरवशाचा नसतो, कारण रंग अक्षराचा आकारच बदलतो.

ठशाचे महत्त्व अलिबागजवळच्या अक्षी येथील लेखावरून कळते. त्यातील ‘सकु संवतु ९३४ प्रधावी’ (शके ९३४, परिधावी संवत्सर) या वाचनानुसार काळ इ. स. १०१२ येतो. प्राचीन मराठीचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी या वाचनाला धरून अक्षीचा लेख मराठीतील सर्वांत जुना मानला. काही अभ्यासक आकडा ११३२ असा वाचतात. तसे मानल्यास लेखातला शिलाहार राजा केसीदेवराय हा तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातील दुसरा केशिदेव ठरतो; ९३४ मानल्यास अरिकेसरी ऊर्फ पहिला केशिदेव, ज्याचा ठाणे ताम्रपट शके ९३९ चा आहे. साठ संवत्सरांच्या चक्राच्या गणिताने परिधावी संवत्सर शके ९३४ शी जुळते. ११३२ ला प्रमोद येतो. ‘प्रधावी’ हे वाचन टिकत असेल तोवर पहिला पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. मात्र निर्णय अखेर एका ओळीतल्या रेघांवर येतो. म्हणून कालोल्लेखाच्या ओळीचा वेगळा, लहान कागदावर दुसरा ठसा घ्यावा. सोबत तिरप्या उजेडातले छायाचित्र ठेवावे आणि कागदाच्या मागे गाव, दिनांक व ओळीचा क्रमांक पेन्सिलीने लिहावा.