कासवाला खोकता येत नाही

हिवाळ्यात कधी हॉलमधल्या टाकीतलं कासव तिरपं तरंगताना दिसतं. एक बाजू वर, दुसरी पाण्यात कललेली. खाणं टाकलं तर तोंड फिरवतं. घरातले म्हणतात, गारठ्याने सुस्तावलंय. पण हे तिरपं तरंगणं न्यूमोनियाचं लक्षण असू शकतं, आणि ते दिसेपर्यंत आजार बराच जुना झालेला असतो.

याचं कारण कासवाच्या बांधणीत आहे. त्याच्या बरगड्या पाठीच्या ढालीतच मिसळून गेलेल्या असतात. आपली छाती श्वासागणिक वरखाली होते, त्याची होऊच शकत नाही. आपल्यासारखं श्वासपटलही त्याला नाही. मग श्वास चालतो पोटाच्या स्नायूंवर: काही स्नायू आतली जागा वाढवतात की फुप्फुसं फुगतात, काही आतड्या-यकृताला वर दाबतात की हवा बाहेर पडते. ही व्यवस्था कवचापेक्षाही जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या युनोटोसॉरस या सुमारे 26 कोटी वर्षांपूर्वीच्या, कासवांच्या आद्य नातलग मानल्या जाणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म तपासून संशोधकांनी 2014 साली दाखवलं की बरगड्या रुंद होऊ लागल्या तेव्हाच श्वासाचं काम पोटाच्या स्नायूंकडे गेलं. पूर्ण कवच त्यानंतर आलं.

या सोयीची किंमत मोठी आहे. श्वासपटलाचा जोरकस झटका नाही, म्हणून खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. जंतुसंसर्ग झाला की चिकट स्राव फुप्फुसातच साचतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळही नसतो, पनीरसारखा घट्ट असतो. फुप्फुसं पाठीच्या ढालीला लागून असतात आणि तीच त्याला तरंगायला मदत करतात. एका फुप्फुसातली हवा कमी झाली की ती बाजू जड होते आणि कासव कलतं. पोटात गॅस झाला तरी असं होतं, म्हणून खरं काय ते एक्स-रेतच कळतं.

शिवाय कासव सोसतं फार. उत्तर अमेरिकेतली पेंटेड कासवं गोठलेल्या तळ्याच्या तळाशी प्राणवायूवाचून महिनोन्‌महिने जगतात. शरीरात साठणारं लॅक्टिक आम्ल कवचातले क्षार शमवतात. मला हा निसर्गातला एक विलक्षण प्रकार वाटतो, पण पाळणाऱ्याला तोच चकवतो. नाकातून बुडबुडे, सुजलेले डोळे, शिट्टीसारखा आवाज ही लक्षणं दिसली की त्याच दिवशी हालचाल करा. मान ताणून, तोंड उघडून श्वास घेऊ लागलं, तर वेळ फारच कमी उरलेला असतो.

आपल्याकडे दुकानात मिळणारी कासवं बहुधा अमेरिकेतून आलेली रेड इअर्ड स्लायडर असतात. त्यांना पाणी 25 ते 28 अंश सेल्सिअस लागतं आणि अंग कोरडं करून शेकायला त्याहून गरम जागा. कासवाचं रक्त स्वतः तापत नाही. थंडीत त्याची प्रतिकारशक्तीच मंदावते, आणि औषधही नीट लागू पडत नाही. त्यात नुसत्या सुक्या कोळंबीवर वाढवलं तर अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि श्वासमार्गाचं आतलं अस्तर बिघडतं.

म्हणून पहिलं काम ऊब. हीटर आणि दिवा लावा, पाणी उथळ करा, म्हणजे थकलेलं कासव बुडणार नाही. मग सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा. तो अँटिबायोटिकचं इंजेक्शन बहुधा पुढच्या पायात देईल, कारण मागच्या पायातलं रक्त आधी मूत्रपिंडातून जाऊ शकतं आणि औषध तिथूनच बाहेर पडू शकतं. घरात उरलेलं मुलांचं औषध, वाफारा, अंदाजाने टोचलेलं अ जीवनसत्त्व यांतलं काहीही करू नका. तपासायला म्हणून उताणंही धरून ठेवू नका, आतड्यांचा भार फुप्फुसांवर पडतो. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

जमिनीवरच्या कासवांचं नाक सतत वाहत असेल, तर बऱ्याचदा मायकोप्लाझ्मा हे जंतू कारणीभूत असतात. लक्षणं गेली तरी ते अंगात टिकून राहतात, म्हणून नवं कासव जुन्यात लगेच मिसळायचं नसतं. आपल्याकडचं तारा कासव मात्र घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. 2019 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. असं कासव आजारी सापडलं, तर महाराष्ट्र वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

उपचार कित्येक आठवडे चालतात. खाऊ लागलं म्हणून औषध मध्येच थांबवायचं नाही. पुन्हा एक्स-रे काढून दोन्ही फुप्फुसं मोकळी दिसली की मगच.