चुना की जिप्सम? आधी मातीचा सामू बघा

दोन्ही पांढरे, दोन्हींत कॅल्शियम आणि दोन्हींबद्दल दुकानात एकच वाक्य ऐकू येतं, "माती सुधारते." त्यामुळे अंगणातल्या झाडांसाठी चुना मागायला गेलेला माणूस जिप्सम घेऊन येतो, किंवा उलटं होतं. पण यांची कामं वेगळी आहेत.

चुना म्हणून मातीत घालतात ती चुनखडीची भुकटी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. मातीतलं आम्ल मारतो तो यातला कार्बोनेट, आणि म्हणून सामू (पीएच, मातीच्या आंबटपणाचं माप; जितका कमी तितकी माती आंबट) वाढतो. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. सल्फेटला आम्ल मारता येत नाही, त्यामुळे आंबट मातीत कितीही जिप्सम ओतलं तरी तिचा आंबटपणा जात नाही. कॅल्शियम दोन्हींत आहे खरं, पण सामू त्याच्यामुळे वाढत नाही. सगळी गफलत इथेच होते.

चुन्याची खरी गरज कोकण-गोव्यातल्या जांभ्या मातीला. तिथला धो धो पाऊस कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो आणि मागे लोह, ॲल्युमिनियम उरतं. सामू ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळतं, मुळं आखूड आणि जाड राहतात, आणि घातलेलं स्फुरद (फॉस्फरस) मातीतच अडकून बसतं. अशा परसात चुनखडीची बारीक भुकटी मातीत नीट मिसळावी. चौरस मीटरला १०० ते २०० ग्रॅमने सुरुवात करावी आणि पुढच्या वर्षी पुन्हा माती तपासावी. विरलेला चुना, म्हणजे भाजलेल्या चुन्यावर पाणी घालून केलेला, जास्त तेज असतो. १०० ग्रॅम भुकटीचं काम त्याच्या साधारण ७५ ग्रॅमांत होतं, आणि तो हात, डोळे जाळतो. चुना आणि युरिया किंवा ताजं शेणखत एकाच दिवशी घालू नका, नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन उडून जातं.

आता देशावरची काळी माती. तिचा सामू बहुतेक ठिकाणी मुळातच ७.५ ते ८.५ असतो आणि चुनखडी तिच्यात आधीच असते. खात्री करायची असेल तर कोरड्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बुडबुडे येऊन फसफसलं तर मुक्त चुना आहे. अशा मातीतल्या जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. हा केवडा, लोहाच्या कमतरतेचा. मातीत लोह असतं, पण वाढलेल्या सामूमुळे ते झाडाला उचलता येत नाही. "झाड पिवळं पडलंय, थोडा चुना घाल" हा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे आणि दरवेळी जीव कळवळतो. आधीच चुन्याने गांजलेल्या झाडाला आणखी चुना! एकदा घातलेला चुना परत काढता येत नाही.

जिप्समची जागा चोपण जमिनीत. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात अति पाण्याने बिघडलेल्या जमिनी आठवा: पाणी मुरत नाही, ओली असताना चिखल, वाळली की दगड. तिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. जिप्सममधला कॅल्शियम त्याला हुसकून त्याची जागा घेतो, आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जातो. पण पाण्याला वाट हवी. निचऱ्याचे चर नसतील तर जिप्समचा खर्च वाया. भुईमुगाला आऱ्या (फुलानंतर जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटताना जिप्सम देतात ते वेगळ्या कारणासाठी, शेंगा भरायला कॅल्शियम आणि गंधक मिळावं म्हणून.

घरात लेबल नसलेलं पांढऱ्या पुडीचं पोतं पडलं असेल, तर चिमूटभर पूड बशीत घेऊन त्यावरही व्हिनेगर टाका. चुनखडीची भुकटी फसफसते, जिप्सम गप्प राहतं. ताजा विरलेला चुनाही फारसा फसफसत नाही, म्हणून नुसत्या गप्प राहण्यावरून ते जिप्समच आहे असं ठरवू नका.