धरणग्रस्त वेगळे, वसाहतकरी वेगळे

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणावर बोलणं निघालं की कोणीतरी हमखास म्हणतं, "जागतिक बँकेने इंडोनेशियातही असंच पुनर्वसन केलं." असंच नाही हो! ऐकून कान किटले.

धरणाचं पुनर्वसन त्याच्या शेजारच्या पवनीकडच्या माणसाला मी काय सांगावं? नोटीस, मोबदला, नवं गावठाण. १९८८ ला भूमिपूजन झालं, मागण्या अजून सुरूच आहेत. जागतिक बँक याला सक्तीचं पुनर्वसन म्हणते. त्याचं पहिलं धोरण तिने १९८० ला केलं. सरदार सरोवर याच खात्यातलं. त्याची तपासणी करायला बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल १९९२ ला आला, पुढच्या वर्षी भारताने बँकेचं उरलेलं कर्ज सोडलं.

इंडोनेशियातली 'ट्रान्समिग्रासी' ही वसाहत योजना. जावा-बालीच्या गरीब, भूमिहीन कुटुंबांना सुमात्रा-कालिमंतानात न्यायचं, दोनेक हेक्टर जमीन द्यायची. १९७६ पासून दशकभरात जागतिक बँकेने त्यात सुमारे ५० कोटी डॉलर घातले.

घोळ होतो तो इथे. धरणात भांडण असतं ते गाव सोडून उठणाऱ्याच्या जमिनीचं. वसाहतीत ते पोचणाऱ्याला दिलेल्या जमिनीचं. कागदावर ती 'मोकळी'. या शब्दाची मला चीड आहे. सुमात्राच्या जंगलात कुबू लोक शिकार करत, कंदमुळं गोळा करत फिरायचे. त्यांच्या नावे सातबारा कुठून असणार? सातबारा नाही म्हणून बाधितांच्या यादीत नाव नाही, नाव नाही म्हणून मोबदला नाही. एका गरिबाला जमीन मिळाली ती दुसऱ्या गरिबाच्या पायाखालून काढून. आणि धरणात जंगल बुडतं, वसाहतीत जंगलतोड हेच पहिलं काम. झाडं गेली की तिथल्या मातीचा कस काही हंगामांत उतरतो, मग पोट भरायला माणूस आणखी आत शिरतो. आलेला माणूस दोषी नाही. त्याला धानाचं शेत सांगून आणलेलं असतं.

आपल्याकडे बघायचं तर गडचिरोलीतलं मूलचेरा-चामोर्शी. १९६० च्या दशकात पूर्व बंगालचे निर्वासित तिथे वसवले. पैसा परदेशी नव्हता, पण धाटणी तीच: जंगल काढून आखलेली शेतं, आजूबाजूला गोंडांची जुनी गावं.

दोन्ही प्रकार एका जागी आले ते जावातल्या केडुंग ओंबो धरणावर. तेही जागतिक बँकेच्याच पैशाचं. सरकार धरणग्रस्तांना म्हणालं, वसाहतीत जा. पुष्कळ जण गेलेच नाहीत. पाणी ओसरलं की तलावाच्या काठी गाळपेर करत राहिले.