प्लाझ्माच्या काठावरची खळबळ

फ्रान्समध्ये कॅडराश इथे ईटर नावाचा प्रचंड टोकामॅक, म्हणजे मेदूवड्याच्या आकाराचं, चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा कोंडून ठेवणारं यंत्र, उभा राहतो आहे. भारतही या प्रकल्पात भागीदार आहे. त्याच्या गाभ्यातल्या प्लाझ्माचं, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेल्या तप्त वायूचं, तापमान १५ कोटी अंश सेल्सियसपर्यंत न्यायचं आहे. गाभ्यापासून जेमतेम दोन मीटरांवर भिंत आहे आणि ज्या टंगस्टनवर सर्वाधिक उष्णता आदळणार आहे, ते ३,४२२ अंशांना वितळतं. अणुसंमीलनाच्या, म्हणजे हलकी अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या, बातम्यांमध्ये १५ कोटींचा आकडा हमखास असतो. पण या यंत्रांचं यशापयश ठरतं ते मुख्यतः प्लाझ्माच्या शेवटच्या काही सेंटिमीटरांत, आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं.

टोकामॅकमध्ये प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राने कोंडलेला असतो. इलेक्ट्रॉन आणि आयन चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत रेषेच्या दिशेने धावतात, पण रेषा ओलांडणं त्यांना अवघड जातं. एकमेकांवर आदळले तरच ते थोडे बाजूला सरकतात. नुसत्या अशा टकरींचा हिशेब मांडला, तर उष्णता फार सावकाश गळायला हवी. प्रत्यक्षात ती त्याहून कितीतरी पट वेगाने बाहेर पडते. इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत हा फरक शंभरपटीच्या घरात जाऊ शकतो.

याला कारण प्लाझ्मातली खळबळ. आत दाट आणि तप्त, बाहेर विरळ आणि त्यामानाने थंड, अशी तीव्र उतरंड असली की प्लाझ्मा शांत राहत नाही. घनतेत जरासा चढउतार झाला की तिथे विद्युत क्षेत्र तयार होतं, त्या क्षेत्रामुळे प्लाझ्मा वाहू लागतो, भोवरे उठतात आणि आतला तप्त प्लाझ्मा बाहेर ढकलला जातो. गाभ्यात हे चढउतार साधारण एक टक्क्याच्या आसपास असतात. काठावर मात्र ते दहा-वीस टक्के आणि त्याहूनही वर जातात.

काठावरची ही गळती संथ, एकसारखी नसते. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्या ‘आदित्य’ या टोकामॅकने हे फार लवकर दाखवून दिलं. १९८९ मध्ये सुरू झालेलं हे छोटं यंत्र. त्याच्या प्लाझ्माची त्रिज्या २५ सेंटिमीटर. काठावरचा प्लाझ्मा विरळ आणि तुलनेने थंड असल्यामुळे तिथे धातूची बारीक टोकं, म्हणजे लँगम्यूर प्रोब, थेट आत सरकवता येतात. या प्रोबवरून मिळणारा विद्युत संकेत क्षणाक्षणाला नोंदवला जातो. आलेख पाहिला की बारीक थरथर दिसते आणि तिच्यातून मध्येच उंच सुळके वर येतात. निव्वळ योगायोगाने जितके यावेत त्यापेक्षा हे सुळके बरेच जास्त होते. संस्थेचे संस्थापक संचालक प्रेधिमन कृष्ण काव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका छोट्या भारतीय यंत्रावरचं हे काम या विषयातल्या सुरुवातीच्या कामांमध्ये मोडतं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पुढे अतिवेगवान कॅमेऱ्यांनी हे सुळके डोळ्यांना दाखवले. ते असतात प्लाझ्माचे सुटे गोळे, चुंबकीय रेषेच्या दिशेने लांबच लांब धाग्यांसारखे पसरलेले. त्यांना बाहेर कोण ढकलतं? टोकामॅकमधलं चुंबकीय क्षेत्र वक्र असतं, शिवाय वड्याच्या भोकाकडच्या बाजूला प्रबळ आणि बाहेरच्या बाजूला क्षीण. त्यामुळे गोळ्यातले आयन एका बाजूला, म्हणजे वर किंवा खाली, सरकतात आणि इलेक्ट्रॉन त्याच्या उलट बाजूला. गोळ्याच्या एका टोकाला धन, दुसऱ्या टोकाला ऋण भार साचतो. या भारांमधलं विद्युत क्षेत्र आणि यंत्राचं चुंबकीय क्षेत्र मिळून अख्खा गोळा भिंतीकडे फेकतात, सेकंदाला शेकडो मीटर ते एखादा किलोमीटर एवढ्या वेगाने.

मग ही खळबळ आवरायची कशी? उत्तर अनपेक्षितपणे हाती आलं. म्युनिकजवळ गार्खिंग इथल्या ‘अ‍ॅस्डेक्स’ टोकामॅकवर १९८२ मध्ये फ्रिट्झ वाग्नर यांना दिसलं, की तापवण्याची शक्ती एका मर्यादेपलीकडे गेली की काठाकडून येणारा हायड्रोजनचा प्रकाश एकाएकी मंदावतो. याचा अर्थ बाहेर पडणारे कण कमी झाले होते. प्लाझ्माची घनता आपोआप वाढली आणि ऊर्जा टिकण्याचा काळ जवळजवळ दुप्पट झाला. लोकांना आधी हे खरंच वाटेना. मग इतर यंत्रांवरही तेच दिसू लागलं. या अवस्थेला आज एच-मोड म्हणतात.

एच-मोडमध्ये काठावरच्या काही सेंटिमीटरांत विद्युत क्षेत्र तीव्र होतं आणि शेजारशेजारचे थर वेगवेगळ्या गतीने वाहू लागतात. दोन तळव्यांमध्ये कापूस धरून वात वळावी, तसा थरांमध्ये सापडलेला भोवरा ताणला जातो, बारीक होतो आणि तुटतो. लॉस एंजेलिसमधल्या एका टोकामॅकमध्ये तर १९८९ मध्ये इलेक्ट्रोड आत घालून काठावर मुद्दाम विद्युत क्षेत्र लादलं गेलं, आणि प्लाझ्मा खरोखरच एच-मोडसारख्या अवस्थेत गेला.

पण काठ शांत झाला की दोन नव्या अडचणी उभ्या राहतात. उतरंड इतकी तीव्र होते, की काठ ठरावीक काळाने फुटतो आणि उष्णतेचे झोत भिंतीवर आदळतात. ईटरच्या आकाराच्या यंत्राला हे मोठे झोत परवडणारे नाहीत. दुसरी अडचण अशी, की गळती कमी झाल्यावर बाहेर पडणारी उष्णता तळाच्या डायव्हर्टरकडे, म्हणजे ती झेलणाऱ्या भागाकडे, अतिशय अरुंद पट्ट्यातून जाते. आजच्या टोकामॅकवरून काढलेल्या सूत्रानुसार ईटरमध्ये हा पट्टा जेमतेम एक मिलिमीटर रुंद भरतो. प्रिन्स्टनमधल्या संशोधकांनी महासंगणकावर केलेल्या गणितात मात्र तो सहा मिलिमीटरांच्या आसपास आला, कारण एवढ्या मोठ्या यंत्रात काठावरची इलेक्ट्रॉनांची खळबळच उष्णतेला बाजूला पसरवते.

म्हणजे आत जी खळबळ नको, तीच थोडी बाहेर हवी आहे. गार्खिंगच्याच नव्या ‘अ‍ॅस्डेक्स अपग्रेड’ यंत्रावर त्या दिशेने प्रयोग चालू आहेत. प्लाझ्माचा आकार आणि काठावरची घनता अशी जुळवतात, की मोठे झोत येतच नाहीत. त्याऐवजी छोटे धागे सतत झिरपत राहतात, उष्णतेचा पट्टा रुंदावतो आणि गाभा मात्र एच-मोडमध्येच राहतो.