पासिंग (जुन्या छोट्या मोटारीचे)

खासगी मोटारीच्या नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपताना ती पुढे चालू ठेवण्यासाठी परिवहन कार्यालयात गाडी नेऊन करून घ्यायची तपासणी. कागदावर याला नोंदणी प्रमाणपत्राचे नूतनीकरण म्हणतात. मराठवाड्यात सगळे ‘पासिंग’च म्हणतात. नव्या गाडीच्या पहिल्या नोंदणीलाही हाच शब्द आहे. त्यामुळे ‘गाडी कुठली पासिंग?’ असे विचारले तर उत्तर एमएच-२० (छत्रपती संभाजीनगर), एमएच-२३ (बीड), एमएच-२४ (लातूर) किंवा एमएच-२६ (नांदेड) असे मिळते, आणि ‘पासिंग संपलंय’ म्हणजे आरसीवरची तारीख उलटून गेली आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे टिकते आणि त्यानंतर दर खेपेस ५ वर्षांनी वाढवून मिळते. टॅक्सी, टेम्पो अशा भाड्याच्या वाहनांना कलम ५६ लागू होते; त्यांना पहिली ८ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणजे काळ्या-पिवळ्या जीपचे ब्रेक सरकारी माणूस वारंवार पाहतो, तर शेजारी उभ्या खासगी मारुतीचे ब्रेक पहिल्या १५ वर्षांत एकदाही पाहत नाही. मधल्या काळात असते फक्त पियूसी, म्हणजे प्रदूषण तपासणी. ती जुन्या गाड्यांना सहा महिने आणि भारत स्टेज-४ (धुराच्या मर्यादेचे सरकारी मानक) पासून पुढच्या गाड्यांना एक वर्ष चालते, पण ती धूर मोजते. स्टिअरिंग, टायर, ब्रेक यांच्याशी तिचा काही संबंध नाही. ब्रिटनमध्ये जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी १९६० साली सुरू झाली आणि १९६७ पासून ती तीन वर्षांच्या गाडीलाच लागू झाली. जर्मनीत नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते. कोणते मॉडेल किती प्रमाणात नापास झाले, हेही तेथे छापून येते. आपल्याकडचे १५ वर्षांचे अंतर फार मोठे आहे. पासिंगचा दाखला गाडीची त्या दिवसाची अवस्था सांगतो. पुढच्या पाच वर्षांची हमी त्यात नसते, आणि हे न समजल्याने अनेक जण फसतात.

मराठवाड्यात पासिंगला येणाऱ्या छोट्या गाड्या ठरावीक आहेत : मारुती ८००, झेन, अल्टो, वॅगन-आर, सँट्रो, इंडिका. पैकी मारुती ८०० डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ एवढा काळ बनत राहिली. तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन तालुक्याच्या कोणत्याही मिस्त्रीला तोंडपाठ असते, म्हणून ती अजून टिकून आहे. शिक्षकाने निवृत्तीच्या आधी विकलेली गाडी उसाचे बिल आल्यावर एखाद्या शेतकऱ्याच्या घरी येते. पुण्या-मुंबईहून आलेल्या सेकंडहँड गाड्याही भरपूर. या दोन प्रकारांतला फरक तपासणीत लगेच कळतो.

अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत करायचा. मोटारीचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० रुपये झाले, शिवाय उशिराला दरमहा ५०० रुपये; २० वर्षांपेक्षा जुन्या गाडीचे शुल्क २०२५ मध्ये आणखी वाढले. सोबत पर्यावरण कर, चालू विमा आणि पियूसी लागते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्यावी लागते. मग निरीक्षक चेसिस आणि इंजिन नंबर ताडून पाहतो. अनेक गाड्यांची पहिली अडचण इथेच येते : बॉनेटखालच्या पत्र्यावरचा नंबर गंजाने झिजलेला किंवा डेंटिंग-पेंटिंग करताना रंगाखाली गेलेला असतो. रंगकाम करून घेताना ही जागा झाकायला सांगणे मालकाच्या हिताचे.

पुढची तपासणी बरीचशी डोळ्यांनी आणि हाताने होते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी स्वयंचलित तपासणी केंद्रांची चौकट घालून दिली. तेथे ब्रेक रोलरवर मोजतात, चाकांचे बाजूला सरकणे पट्टीवरून गाडी नेऊन पाहतात, हेडलाइटचा झोत यंत्राने तपासतात आणि सांध्यांतला प्ले (सैलपणा) खालची पाटी हलवून उघड करतात. हाताने चाक हलवणाऱ्या अनुभवी निरीक्षकालाही प्ले कळतो, मात्र डाव्या-उजव्या चाकाच्या ब्रेकमधला फरक त्याला नेमका सांगता येत नाही. तिथे यंत्रच हवे.

मराठवाड्याचे हवामान गाडीचा पत्रा राखते आणि रबर खाते. हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे, खारी हवा नाही. त्यामुळे लातूर-परभणीत वाढलेल्या गाडीचा तळ २० वर्षांनीही बरेचदा शाबूत असतो. मुंबई-कोकणातून आलेल्या गाडीची दारांखालची पट्टी, पायाखालचा पत्रा आणि शॉकअपच्या वरच्या बैठका मात्र सडलेल्या निघतात. वरून पॉलिश कितीही चमकत असली तरी गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घेऊन खालून पाहिल्याशिवाय ती विकत घेऊ नये. स्थानिक गाडीत गंज लागतो तो चाकांच्या वरच्या कमानीत. काळी माती तिथे चिकटून बसते आणि पावसाळाभर ओल धरून ठेवते. पावसाळ्यानंतर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ती काढून टाकणे एवढाच उपाय.

रबराचे मात्र उन्हाळ्यात हाल होतात. मे महिन्यात ४२-४३ अंशांत उघड्यावर उभ्या गाडीचे बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) कडक होऊन चिरतात, स्टिअरिंग रॅकचे आणि ॲक्सलचे रबरी बूट, म्हणजे आवरणे, फाटतात. बूट फाटला की धूळ आत जाते, ग्रीसमध्ये मिसळून सांधा घासते, आणि मग खडबडीत रस्त्यावर पुढून ‘खटखट’ आवाज सुरू होतो. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड या पुढच्या चाकांच्या सांध्यांचा प्ले हे जुन्या छोट्या गाड्या परत पाठवल्या जाण्याचे नेहमीचे कारण. अल्टो, ८०० यांची १२ इंची चाके खड्ड्यात खोल जातात, म्हणून त्यांच्या सांध्यांना आणि बेअरिंगना मार जास्त बसतो.

टायरच्या बाबतीत नियम अपुरा पडतो. मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर नक्षी हवी, हे मोजता येते. पण महिन्यातून चार वेळा बाजाराला जाणाऱ्या गाडीची नक्षी तशीच राहते आणि रबर उन्हाने दगडासारखे होते. अशी गाडी पास होते; पहिल्या पावसात ओल्या डांबरावर ब्रेक लावल्यावर ती घसरते. टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडा वाचावा : २३१५ म्हणजे २०१५ सालचा २३ वा आठवडा.

ब्रेकमध्ये मागच्या ड्रमचे व्हील सिलिंडर पाझरणे आणि हँडब्रेकची केबल ताणलेली असणे हे दोष ठरलेले. त्याहून धोक्याचे, पण तपासणीत न दिसणारे, म्हणजे वर्षानुवर्षे न बदललेले ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उकळबिंदू उतरतो. कार्यालयाच्या आवारातल्या छोट्या फेरीत ब्रेक नीट लागतात. मांजरसुंब्याचा किंवा कन्नडचा घाट उतरताना पेडल अचानक खाली जाते. ऑइल दर दोन वर्षांनी बदलणे स्वस्त आहे आणि कोणीही करत नाही.

रेडिएटरचेही तसेच. बोअरचे जड पाणी घातले की नळ्यांत क्षार बसतात. तपासणीच्या दहा मिनिटांत तापमानाचा काटा वर चढत नाही, पण मे महिन्यात एसी लावून लांब गेल्यावर हेड गास्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचे सील) उडते. कूलंट घालावे, नाहीतर निदान शुद्ध केलेले पाणी.

दिव्यांत पिवळ्या पडलेल्या काचा, काळे झालेले रिफ्लेक्टर आणि गंजलेली अर्थिंग सापडते. त्यावर पांढऱ्याशुभ्र एलईडीचा उपाय केला तर झोत विखुरतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. गळीत हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या रात्री मागचा दिवा नसताना रस्त्यावर असतात. हेडलाइटचा प्रश्न इथे जीवावरचा आहे.

धुराची मर्यादा गाडीच्या पिढीप्रमाणे बदलते. भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो. स्टेज-२ आणि ३ ला फक्त ०.५ टक्के. म्हणून जुनी कार्ब्युरेटरची ८०० सुटते आणि तिच्यानंतरची इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) निकामी झाल्याने अडकते.

गॅस किट असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी, आणि सीएनजीच्या टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी झालेली हवी. काही गाड्यांत अजून डिकीत घरगुती सिलिंडर जोडलेला आढळतो. तो बेकायदा आहे आणि डिकीपुढच्या सीटवर मुले बसलेली असतात.

नापास गाडीवर निरीक्षक त्रुटी लिहून देतो. दुरुस्ती करून ती पुन्हा दाखवता येते. दुरुस्ती गाडीच्या किमतीपेक्षा महाग पडत असेल, तर नोंदणीकृत भंगार केंद्रात ती देऊन प्रमाणपत्र घेता येते आणि नव्या खासगी गाडीच्या करात सवलत मिळू शकते. पासिंग न करता गावातल्या गावात चालवली जाणारी गाडी कायद्याने नोंदणी नसलेल्या गाडीसारखीच धरली जाते.