समोरचा स्मर्फ की चिटर? स्कोअरबोर्ड सोडा, रिप्ले बघा

शूटिंग गेममध्ये सिल्व्हर या खालच्या रँकच्या लॉबीत समोरच्या एकाने 34 किल काढले की इंदुरात व्हॉइस चॅटवर ठरलेलं वाक्य येतं: "हॅक लगा के बैठा है भिया!" भंवरकुआँच्या कॅफेत क्लास सुटल्यावर बसलेली पोरं असोत की विजयनगरमधल्या घरात एकटा खेळणारा, निकाल लगेच लागतो. पण 34 किल हा पुरावा नाही. दोघेही तेवढे काढू शकतात.

स्मर्फ म्हणजे वरच्या रँकचा खेळाडू, दुसऱ्या आयडीवरून खाली उतरलेला. हात त्याचाच असतो, फक्त रँक खोटी. चिटरचा खेळ उसना असतो: भिंतीपलीकडचा माणूस दाखवणारा वॉलहॅक, निशाणा आपोआप खेचणारा एमबॉट, किंवा शत्रू क्रॉसहेअरखाली (निशाण्याच्या खुणेखाली) आला की स्वतः गोळी झाडणारा ट्रिगरबॉट.

नवीन आयडी बघून काही ठरवायला जाऊ नका. स्मर्फचा आयडी नवा असतोच, आणि चिटरचाही, कारण जुना बॅन झालेला असतो. शिवाय दुसरा आयडी काढणारा प्रत्येकजण नवख्यांना बडवायलाच येतो असंही नाही. व्हॅलोरंट या गेममध्ये इमॉर्टल या वरच्या रँकवाल्याला ब्रॉन्झ या खालच्या रँकमधल्या मावसभावाबरोबर रँक्ड खेळायचं तर पाच जणांची पूर्ण टीम लागते. दोघंच असतील तर गेम क्यू (सामन्याची रांग) लावू देत नाही. मग दुसरा आयडी निघतो. हेतू प्रेमळ, पण समोरच्या पाच जणांना मार तेवढाच बसतो.

खरा प्रश्न एकच विचारायचा: याला ही माहिती मिळाली कुठून?

त्यासाठी रिप्ले हवा. सीएस2 (काउंटर-स्ट्राइक 2) मध्ये 'वॉच' विभागातून आपल्या सामन्याचा डेमो, म्हणजे रेकॉर्डिंग, उतरवा, संशयिताच्या नजरेतून चालवा, X दाबून भिंतीपलीकडचे खेळाडू दाखवणारा एक्स-रे सुरू करा आणि कन्सोलमध्ये demo_timescale 0.25 देऊन वेग पाव करा. व्हॅलोरंटच्या पीसी आवृत्तीत रिप्लेची सोय 2025 मध्ये आली. किल झालेला क्षण शेवटी बघा. आधीचे दहा सेकंद महत्त्वाचे.

स्मर्फचा क्रॉसहेअर कायम डोक्याच्या उंचीवर असतो. तो कोपरे क्रमाने तपासतो, रिकामे कोपरेसुद्धा. पावलांचा आवाज आला की वळतो, आधीच्या राउंडमध्ये तुम्ही जिथे उभे होतात तिथे स्मोकमधून गोळ्या घालतो, गेममधले पैसे कमी असतील तर खरेदी टाळून सेव्ह करतो. त्याच्या प्रत्येक अंदाजामागे कारण सापडतं. आणि अंदाज चुकतातही: एखादा माणूस मागे शांत लपला असेल तर स्मर्फ त्याच्याकडून मरतो.

चिटरचं उलट. तो रिकाम्या कोपऱ्याकडे बघतच नाही आणि माणूस असलेल्या कोपऱ्यापाशी बरोबर थांबतो. आवाज न करता चालणाऱ्या शत्रूबरोबर त्याचा क्रॉसहेअर भिंतीवरून सरकतो. कोणी जवळ नसताना निर्धास्त रीलोड करतो. सगळ्यात मोठी खूण म्हणजे खेळातली विसंगती: निशाणा इमॉर्टलचा, पण पळता पळता फायर, ग्रेनेड स्वतःच्याच पायाशी, पैसे नसताना महागडी खरेदी. ट्रिगरबॉटमध्ये क्रॉसहेअर निश्चल असतो आणि शत्रू त्याखाली आल्यापासून गोळी दर वेळी सारख्याच वेळाने सुटते. माणसाची प्रतिक्रिया सहसा 200 मिलिसेकंदांच्या आसपास असते आणि वरखाली होत राहते. हरू लागल्यावर अचानक पाचव्या राउंडपासून वेगळाच माणूस खेळतोय असं वाटलं, तर त्याने मधेच चिट सुरू (टॉगल) केलं असण्याची शक्यता धरा. अर्थात स्मर्फही आधी पिस्तुलाने मस्ती करून नंतर गंभीर होतो, पण तेव्हाही तो कोपरे तपासतो.

फसवणाऱ्या गोष्टी दोन-तीन आहेत. डेमोत माउसची प्रत्येक हालचाल नोंदलेली नसते, म्हणून निशाणा पटकन वळवणारा साधा फ्लिकही झटक्यासारखा दिसतो. कोपऱ्यातून बाहेर येणाऱ्याला उभ्या असलेल्यापेक्षा क्षणभर आधी दिसतं. पिंग (सर्व्हरपर्यंतचा नेटचा उशीर) वाढला की हा फरक वाढतो आणि "त्याने मला भिंतीतूनच मारलं" असं वाटतं. मोबाइलवरच्या बीजीएमआयमध्ये जायरोवर (फोन हलवून निशाणा धरण्यावर) पक्का हात बसलेला खेळाडू एम416 बंदुकीचा स्प्रे इतका सरळ ठेवतो की नवख्याला ते बंदुकीचा झटका घालवणारं नो-रिकॉइल चिटच वाटतं. एका क्लिपवर निकाल देऊ नका, चार-पाच राउंड बघा.

स्मर्फची खूण आयडीच्या इतिहासात जास्त दिसते. चांगला खेळाडू नव्या आयडीवर खाली टिकत नाही, कारण गेमचा छुपा एमएमआर (कौशल्याचा अंक) त्याला लवकर वर ढकलतो. टिकायचं तर मुद्दाम हरावं लागतं. म्हणून तीन सामन्यांत 30 च्या वर किल, मग दोनमध्ये 2 किल, पुन्हा 30 असा करवतीचा दातेरी आलेख दिसला तर तो डीरँक करणारा स्मर्फ.

रिपोर्ट दोघांचाही करा, पण आज केला आणि उद्या तो पुन्हा दिसला म्हणजे तो निर्दोष असं नाही. सीएस2 मध्ये चिट पकडणाऱ्या व्हॅक या सॉफ्टवेअरचे बॅन बऱ्याचदा उशिरा आणि एकदम लाटेने येतात, आणि आल्यावर स्टीम प्रोफाइलवर कायम दिसतात. स्मर्फला पकडायला असं सॉफ्टवेअर नसतं, कारण त्याच्या कॉम्प्युटरवर सापडण्यासारखं काहीच नसतं. कंपन्या खात्यांमधले संबंध जुळवून पकडतात. डोटा 2 मध्ये व्हॉल्व्हने 2023 मध्ये 90,000 स्मर्फ खाती अशीच बंद केली.

कॅफेत खेळणाऱ्यांना हा फरक खिशाला लागतो. स्मर्फ उठून गेला की मशीन स्वच्छ असतं. चिट चालवून गेलेल्याचा बॅन मात्र व्हॅलोरंटचं चिट पकडणारं सॉफ्टवेअर व्हॅनगार्ड थेट मशीनच्या हार्डवेअरवर लावू शकतं. मग पुढचा माणूस स्वतःच्या साध्या आयडीने बसला तरी व्हॅन 152 हा एरर येतो. आयडी बदलून, गेम पुन्हा टाकून तो जात नाही. म्हणून तासाचे पैसे द्यायच्या आधी व्हॅलोरंट उघडून लॉबीपर्यंत जाऊन बघा. अडकलं तर शेजारचं मशीन मागा.